पाण्याची वीज, विजेची गाडी

मुंबई आणि पुणें ह्यांमध्यें जा-ये करणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांस कर्जत ठाऊक असतें तें बटाटेवड्यासाठीं, आणि खालापूर ठाऊक असतें तें टोलनाक्यासाठीं. घाट चढावयाचा म्हणून आगगाडीला कर्जतला मागून जादा इंजिनें लागतात. तेवढ्या वेळांत वडा खाऊन होतो व प्रवासी पुन्हां आपल्या जागेवर जाऊन बसतो. द्रुतगती मार्गानें जाणारी मोटार खालापुरास थांबते ती तर निव्वळ निरुपायानें. ह्या दोन तालुक्यांत उतरून, थोडें हिंडून, तेथील माणसांशीं चार शब्द बोलण्याचा प्रसंग आपणांपैकीं फारच थोड्यांवर येतो. आम्हीं तो मुद्दाम आणला. कारण असें कीं, विजेवर चालणारी गाडी घ्यावी कीं न घ्यावी, हा जो प्रश्न आज घरोघरीं चघळला जात आहे, त्याचीं पाळेंमुळें ह्याच पट्ट्यांत आहेत. आणि त्याचा सर्वांत नवा अध्यायहि येथेंच, माथेरानच्या डोंगरावर, लिहिला जात आहे.

घरांतला वाद प्रथम सांगून टाकूं. एकत्र कुटुंबांत मोठी वस्तु घ्यावयाची म्हणजे तिजविषयीं प्रत्येकाचें मत पडावयाचेंच. आमचे थोरले बंधु सेवानिवृत्त आहेत, आणि कोणत्याहि नव्या गोष्टीकडे ते दोन वर्षें वाट पाहिल्यावांचून वळून बघत नाहींत. ते म्हणतात, "पेट्रोल संपलें तर मनुष्य डबा घेऊन पंपापर्यंत चालत तरी जातो, वीज संपली तर काय तपेलें घेऊन जावयाचें?" आमचा पुतण्या चाकणकडील एका कारखान्यांत अभियंता आहे. तो कागदावर दर किलोमीटरचा हिशेब मांडतो आणि दाखवितो कीं, गाडी रात्रीं घरींच भरली तर विजेचा खर्च पेट्रोलच्या चौथ्या हिश्श्याहूनहि कमी येतो. वहिनींच्या मनांत आगीची धास्ती आहे. ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. सन २०२२ च्या मार्चमध्यें पुण्यांत भर रस्त्यावर एक विजेची दुचाकी पेटल्याचें दृश्य साऱ्या देशानें पाहिलें, आणि त्या वर्षीं तशाच आणखी घटना घडल्यावर सरकारला बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम अधिक कडक करावे लागले. मातोश्री माळ ओढतां ओढतां सर्वांचें ऐकत होत्या. शेवटीं त्या एवढेंच म्हणाल्या, "हें सगळें ठीक. पण ती बॅटरी मेली म्हणजे तिचें करावयाचें काय?"

आम्हांस वाटतें, देशांतलें लोकमतहि ह्या चार तोंडांपलीकडे फारसें नाहीं. ज्यांनीं विजेची गाडी वर्षभर चालविली ते तिच्या शांतपणाचें कौतुक करतात, आणि ज्यांनीं चालविली नाहीं ते तिच्या दोषांची यादी तोंडपाठ म्हणून दाखवितात. मध्येंच सदनिकांच्या संस्थांतून एक निराळाच तंटा असतो: गाडी भरण्याचा खटका कोणाच्या मीटरवर आणि कोणाच्या जागेंत बसवावयाचा! तो सोडविण्याचें सामर्थ्य कोणत्याहि शास्त्रांत नाहीं.

असो. सन २०२५ च्या कार्तिकांत एका सकाळीं पुतण्याच्या विजेच्या गाडीनें आम्ही पुण्याहून निघालों. महडच्या वरदविनायकाचें दर्शन हें निमित्त. मातोश्रींना माथेरान दाखवावयाचें हें दुसरें. द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना राज्य सरकारनें सन २०२५ मध्येंच टोल माफ केला आहे, परंतु आम्हीं मुद्दाम जुना रस्ता धरला. खंडाळा मागें पडलें आणि बोरघाट उतरूं लागलों तेव्हां पुतण्यानें आपल्या काकांस, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंस, समोरच्या पडद्याकडे पाहावयास सांगितलें. लोणावळ्यास बॅटरींत शेंकडा एकसष्ट वीज होती. खोपोलीस पोहोंचलों तेव्हां ती त्रेसष्ट झाली होती. बंधूंनीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें व मग ते बाहेरची झाडी पाहूं लागले.

ह्यांत जादू कांहीं नाहीं. चढावर मोटर चाकांना फिरविते. उतारावर चाकें मोटरला फिरवितात, आणि मग तीच मोटर जनित्राचें काम करून वीज परत बॅटरींत घालते. पेट्रोलच्या गाडींत हीच शक्ति ब्रेकच्या चकत्या तापवून वाऱ्यावर जाते. चढतांना मात्र हें ऋण फेडावें लागतें. पुतण्यानें बसल्या बसल्या गणित केलें. माणसांसह सुमारें अठराशें किलो वजनाची गाडी खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत, म्हणजे साडेपांचशें मीटरांहून थोडें अधिक, उचलावयाची तर केवळ त्या उचलण्याला, घट धरून, तीन युनिटें वीज लागते. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याचें काम थोडें पुढेंच आहे.

खोपोलीस पोहोंचणारा जुना प्रवासी येथें थांबतच असे. नाना फडणविसांनीं बांधविलेला मोठा तलाव व महादेवाचें देऊळ ह्या घाटाच्या पायथ्याशीं आहे. पुणें-कोंकण वाटेवरील वाटसरूंची व बैलांची ती विश्रांतीची जागा. सन १८५६ मध्यें आगगाडी येथवर आली आणि येथेंच अडली, कारण पुढें सह्याद्रीची भिंत. दोन वर्षांनीं वरतीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ झाले. पण मधला घाट सन १८६३ पर्यंत व्हावयाचा होता. त्या पांच वर्षांत मुंबईचा प्रवासी खोपोलीस उतरे, पालखींत किंवा तट्टावर बसून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हां आगगाडींत बसे. पालखी वाहणारीं माणसें ह्याच आसपासच्या गांवचीं असावींत. आमच्यापैकीं कित्येकांचे खापरपणजे त्या भोयांच्या खांद्यांवरून पुण्यास आले असतील, ही गोष्ट मातोश्रींनीं मनांत धरून ठेविली होती, तें आम्हांस माथेरानांत समजलें.

तलावापासून वर पाहिलें म्हणजे डोंगराच्या अंगावरून सरळ खालीं आलेले लोखंडी नळ दिसतात. टाटा मंडळींनीं सन १९१० मध्यें जलविद्युत् कंपनी काढली, १९११ मध्यें लोणावळ्यास कोनशिला बसली, आणि १९१५ मध्यें खोपोलीचें वीजघर सुरूं झालें. लोणावळें, वळवण व शिरवता येथील तलावांचें पाणी पांचशें मीटरांवरून अधिक उंचीवरून पडावयाचें, चक्रें फिरवावयाचें, आणि तारांवरून वीज मुंबईच्या गिरण्यांना जावयाची. एक हजार लिटर पाणी इतक्या उंचीवरून उतरलें म्हणजे एका युनिटाहून थोडी अधिक वीज हातीं लागते. आतां मघांचा आंकडा घ्यावा. आमची गाडी परत लोणावळ्यास चढवावयाची तर डोंगरावरून सुमारें अडीच हजार लिटर पाणी खालीं उतरावें लागेल. एक गाडी वर, एक लहानसा टँकर पाणी खालीं. घाटाचा हा व्यवहार आम्हांस मोठा चोख वाटला. वीजघरांतून सुटलेलें पाणी पुढें पाताळगंगेंत जातें आणि खालच्या गांवांच्या व कारखान्यांच्या उपयोगीं पडतें, हा वरचा नफा.

तथापि हा व्यवहार वाटतो तितका सोंवळा नाहीं. पाणी अडविण्यास जमीन लागते, आणि जमिनीवर माणसें असतात. ह्याच उद्योगाच्या मुळशीच्या धरणाविरुद्ध सन १९२१ मध्यें मावळांतील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह मांडला. त्यांचे पुढारी पांडुरंग महादेव बापट ह्यांना लोक सेनापति म्हणूं लागले ते त्या लढ्यानें. धरण झालें, गांवें पाण्याखालीं गेलीं. वीज वापरणाराच्या घरीं स्वच्छ असते. तिची राख किंवा तिचे अश्रु दुसऱ्याच कोणाच्या अंगणांत पडतात. आजहि महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भाग कोळशाचा आहे. पुण्याच्या गल्लींतून विजेची मोटार धूर न सोडतां जाते हें खरें, पण त्यांतला कांहीं धूर चंद्रपूर-कोराडीकडे निघालेला असतो. विजेची मोटार तरीहि पेट्रोलहून बरी, असें पुतण्या म्हणतो, कारण ती मिळालेली शक्ति फार थोडी वायां घालविते. आणि त्याचें म्हणणें आम्हांस पटतें. मात्र तिला 'निर्धूर' म्हणून तिच्या पुढें ओंवाळणें आम्हांस पटत नाहीं.

महडास दर्शन निवांत झालें. अष्टविनायकांपैकीं हें स्थान. पेशवाईंत बिवलकरांनीं देऊळ बांधिलें, आणि गाभाऱ्यांतील नंदादीप सन १८९२ पासून अखंड तेवत आहे असें सांगतात. दोन कोसांवरच वीजघर असूनहि तो दिवा तेलाचाच आहे, हें पाहून मातोश्रींना बरें वाटलें.

खोपोलीहून कर्जतकडे जाणारा रस्ता आगगाडीच्या फांट्याला धरून, पळसदरीवरून जातो. भाताची कापणी चालू होती. खळ्यांवर भारे रचले होते. कर्जतच्या पुढें भिवपुरी. येथेंहि टाटांचें वीजघर आहे. आंध्र नदीचें पाणी वरतीं ठोकरवाडीस अडवून सन १९२२ मध्यें तें सुरूं झालें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, मुंबईस बोरीबंदर ते कुर्ला अशी देशांतली पहिली विजेची आगगाडी धांवली, आणि त्या दशकाच्या अखेरीस विजेचीं इंजिनें हा घाट चढून पुण्यास पोहोंचलीं. म्हणजे विजेनें माणसें वाहून नेणें ही ह्या भागाला शंभर वर्षांची जुनी गोष्ट आहे. मग आज एवढा वाद कां? आगगाडीला वीज तारेवरून क्षणोक्षणीं मिळत असते, तिला शिदोरी बांधावी लागत नाहीं. मोटारीला ती बरोबर घेऊन निघावें लागतें. सारी अडचण त्या शिदोरीची आहे.

कर्जतला वडा खातां खातां पुतण्यानें ही शिदोरी उलगडून दाखविली. चाळीस लिटर पेट्रोलचें वजन तीस किलो. विजेच्या मोटारींतली बॅटरीची पेटी अडीचशें-तीनशें किलोंची. म्हणजे गाडी दर वेळीं चार धट्टेकट्टे पाहुणे बरोबर घेऊन निघाली असें समजावें. गाडीच्या किंमतींतला सर्वांत मोठा एकटा हिस्सा ह्या पेटीचा. तिच्यांत लिथियम हवें. तें ऑस्ट्रेलिया, चिली अशा देशांतून निघतें. एका जातीच्या बॅटरींत कोबाल्ट लागतें. तें बहुतेक कांगोच्या खाणींतून येतें, आणि त्या खाणींत लहान मुलांनीं काम केल्याचीं वृत्तें वाचून कोणाहि सहृदयाचें मन विटावें. दुसऱ्या जातींत लोह व फॉस्फेट वापरतात, कोबाल्ट लागत नाहीं. ती थोडी जड, पण स्वस्त व आगीच्या दृष्टीनें अधिक सोशीक. आपल्याकडील गाड्यांत हीच जात पुष्कळ वापरली जाते. वहिनींनीं एवढें वाक्य पुन्हां सांगावयास लावलें.

"मग आपण ह्या येथें करीत नाहीं कां?" बंधूंनीं विचारलें. करतों, आणि करीतहि नाहीं. गाड्या येथेंच होतात. चाकण, आकुर्डी, रांजणगांव हा पट्टा विजेच्या दुचाकी-चारचाकींसाठीं आतां देशांत ओळखला जातो. परंतु बॅटरींतील मूळ घट बहुतांशीं चीनमधून येतात आणि येथें त्यांच्या पेट्या बांधल्या जातात. सन २०२३ च्या फेब्रुवारींत जम्मूकडील रियासी येथें एकोणसाठ लक्ष टन लिथियम असल्याचा अंदाज सरकारनें जाहीर केला, तेव्हां वृत्तपत्रांनीं दिवाळी केली. पण जमिनींतला अंदाज आणि कारखान्यांतला घट ह्यांत पुष्कळ वर्षांचें अंतर असतें. दुसरी ठेंच लोहचुंबकांची. मोटरींत लागणारे बळकट चुंबक दुर्मिळ मृदाधातूंचे असतात. सन २०२५ च्या एप्रिलमध्यें चीननें त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, आणि त्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत पुण्याच्या परिसरांतील दुचाकींच्या उत्पादनालाहि त्याची झळ लागली. पुतण्या हें सांगतांना थोडा खट्टू झाला होता. आपल्या हातांत पाना आहे, पण नट दुसऱ्याच्या खिशांत, असें त्याचें म्हणणें.

मातोश्रींच्या प्रश्नाचें उत्तरहि त्यानें येथेंच दिलें. सन २०२२ च्या नियमांनीं जुनी बॅटरी परत घेऊन तिच्यांतील धातु काढून घेण्याची जबाबदारी ती बनविणाऱ्यांवर टाकिली आहे. आणि गाडीला निरुपयोगी झालेली बॅटरी घरांत किंवा कारखान्यांत वीज सांठविण्यास आणखी कांहीं वर्षें चालते. "जबाबदारी टाकली," मातोश्री म्हणाल्या, "आतां ती उचलतात का तें बघूं."

वीज सांठविण्याचा जो उपाय ह्या डोंगरांना ठाऊक आहे, तो मात्र लिथियमहून पुष्कळ साधा आहे. रात्रीं किंवा भर दुपारीं, उन्हाची वीज फुकट जात असतां, खालचें पाणी पंपानें वर चढवावयाचें. संध्याकाळीं घरोघरीं दिवे लागले कीं तेंच पाणी खालीं सोडून वीज परत घ्यावयाची. सरकारी मराठींत ह्याला उदंचन म्हणतात. आपल्या राज्यांत घाटघर येथें हें चालू आहे. सन २०२३ च्या ऑगस्टमध्यें टाटा पॉवरनें राज्य सरकारशीं असे दोन प्रकल्प करण्याचा करार केला: शिरवता येथें अठराशें मेगावॅट, आणि भिवपुरीस एक हजार. जुनें भिवपुरीचें वीजघर पाऊणशें मेगावॅटांच्या आसपासचें आहे, ह्यावरून नव्याचा आवाका कळावा. म्हणजे विजेच्या मोटारींच्या युगाला लागणारी एक प्रचंड बॅटरी कर्जत तालुक्यांत व्हावयाची आहे, आणि तिच्यांतला घट म्हणजे मावळचा पाऊस!

भिवपुरीचें सुटलेलें पाणी राजनाल्यानें कर्जतच्या शेतांना जातें. त्यावर येथें उन्हाळी भात होतो. पाण्याच्या कडेला गुरें घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यास आम्हीं ह्या नव्या बेताविषयीं विचारलें. त्यानें ऐकून घेतलें, विडी विझविली, आणि म्हणाला, "वर नेलेलं पाणी परत किती वाजतां येणार, तेवढं सांगा. आमचं भात त्यावर आहे." विजेच्या गाडीविषयीं एवढें नेमकें लोकमत आम्हीं पुण्यांत ऐकलें नव्हतें.

नेरळहून माथेरानचा घाट मोटारीला फार खडा आहे. बॅटरी पाहतां पाहतां उतरत गेली आणि बंधूंचा चेहरा पुन्हां खुलला. शेजारून सन १९०७ ची, आदमजी पीरभॉय ह्यांच्या घराण्यानें बांधलेली दोन फुटी लोहमार्गाची वाट वळणें घेत वर जाते. २००५ च्या पुरानें ती वाहून गेली होती, पुढेंहि पावसानें कित्येक वेळां तोडली. पण ती पुन्हां पुन्हां उभी राहते. दस्तुरी नाक्यावर सर्व मोटारी थांबतात. येथें पेट्रोल आणि वीज हा भेद नाहीं; पुतण्याची गाडीहि थांबली. सन १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर मॅलेट येथें चढून आले तेव्हांपासून ह्या गांवानें मोटार आंत घेतली नाहीं, आणि सन २००३ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरविल्यावर ती बंदी कायद्यानें पक्की झाली. तांबडी माती, दाट झाडी, आणि शिंगाचा आवाज नाहीं. ह्या सुखासाठींच तर लोक येथें येतात.

पण ह्या सुखाचें ओझें कोणी तरी वाहतच होतें. नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. सामान डोक्यावर, घोड्यावर किंवा हातगाडीवर जावयाचें. म्हातारीं, आजारी व पैसेवाली माणसें हातरिक्षांत बसून जावयाचीं. एक मनुष्य पुढें दांडी धरून ओढतो, एक-दोघे मागून ढकलतात. अशा हातरिक्षांचे परवाने चौऱ्याण्णव. त्या ओढणाऱ्यांनींच विजेच्या रिक्षा मिळाव्यात म्हणून न्यायालयाचें दार ठोठावलें, ही ह्या कथेंतली लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. विजेची गाडी येथें कोणा हौशी श्रीमंतानें मागितली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें मे २०२२ मध्यें प्रयोगास परवानगी दिली. त्या डिसेंबरांत सात रिक्षा तीन महिन्यांसाठीं चालल्या. मग वीसांची मर्यादा पडली, आणि त्या हातरिक्षावाल्यांनाच द्याव्यात असें ठरलें. शेवटीं ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई ह्यांच्या पीठानें सांगितलें कीं, स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षें झाल्यावर मनुष्यानें मनुष्याला ओढणें हें मानवी प्रतिष्ठेशीं विसंगत आहे. सहा महिन्यांत हातरिक्षा बंद कराव्या, आणि गुजराथेंतील केवडियाच्या धर्तीवर सरकारनें विजेच्या रिक्षा घेऊन त्या ह्याच लोकांना भाड्यानें चालविण्यास द्याव्या. पैसे नाहींत ही सबब सरकारनें सांगूं नये, असेंहि बजावलें.

गांवांत ह्यावर एकमत आहे असें कोणी समजूं नये. घोडेवाल्यांचीं घरें पुष्कळ. परवान्याचे घोडेच सुमारें साडेचारशें. त्यांच्यापैकीं एक जण आम्हांस म्हणाला, "त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, चांगलं झालं. पण ते आमच्या पोटावर ठेवूं नका." मार्गावर बसविलेल्या मातीच्या ठोकळ्यांवरून पावसांत घोड्याचा पाय सरतो, ही त्यांची दुसरी तक्रार. कांहीं वृक्षप्रेमी मंडळींना भीति अशी कीं, आज तीन चाकें आलीं, उद्यां चार येतील, आणि मग माथेरानचें महाबळेश्वर होईल. ही भीति आम्हांस पोकळ वाटत नाहीं. म्हणूनच ठोकळे दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच, आंतल्या वाटांवर नाहींत, ही न्यायालयाची मर्यादा आम्हांस फार मोलाची वाटते. उलट शाळेच्या मुलांच्या आया, आणि रात्रीं-अपरात्रीं आजाऱ्याला खालीं न्यावें लागलेलीं घरें, ह्यांना हा वादच समजत नाहीं. रिक्षा किती वाढणार, एवढेंच त्या विचारतात.

मातोश्रींची वेळ आली तेव्हां विजेच्या रिक्षांपुढें लांब रांग होती. एक हातरिक्षावाला पुढें आला. वय पन्नाशीच्या घरांत, पोटऱ्या दोरासारख्या पिळलेल्या. "आजी, बसा. झोंपल्यासारख्या जाल." मातोश्री म्हणाल्या, "बाळा, माझ्या आजेसासऱ्यांना भोयांनीं खोपोलीपासून वर वाहून नेलें असेल. मी नाहीं बसणार माणसाच्या हातावर. मी रांगेंत उभी राहतें." तो हंसला. त्या हंसण्यांत राग नव्हता. "आजी, तुमचं खरं आहे. पण माझा नंबर विजेच्या रिक्षांत अजून लागला नाहीं. आज तुम्हीं नाहीं बसल्या, दुसरं कोणी नाहीं बसलं, तर मी घरीं काय नेऊं?"

मातोश्री गप्प राहिल्या. एवढ्या शास्त्रार्थाच्या बाईला निरुत्तर झालेली आम्हीं क्वचितच पाहिली आहे. मग त्यांनीं आपलें गांठोडें व दोन्ही पिशव्या त्याच्या रिक्षांत ठेवविल्या, माणसाचें पूर्ण भाडें ठरविलें, आणि स्वतः रांगेंतच उभ्या राहिल्या. ह्याला कोणी पळवाट म्हणावें. आम्हीं त्या वेळीं म्हटलें नाहीं.

आम्ही त्याच्याबरोबर पायीं चाललों. तांबडी धूळ, दोहों बाजूंस जांभळीचीं झाडें, मध्येंच माकडें. चढाच्या एका वळणावर त्यानें दांडी टेकविली, घाम पुसला, आणि पुतण्या अभियंता आहे हें कळल्यावर त्याला प्रश्न विचारावयास सुरुवात केली. चढावर बॅटरी किती लवकर उतरते? आषाढांत येथें आठ-आठ दिवस सारखें कोसळतें, तेव्हां पाणी आंत शिरलें तर? चौऱ्याण्णव माणसें आणि वीस रिक्षा, तर पाळी आठवड्यांतून किती दिवस? पुतण्यानें पहिल्या दोहोंचीं उत्तरें नीट दिलीं. बॅटरीची पेटी पाण्यापासून बंद असली पाहिजे. दुपारच्या विसाव्यांत थोडी भरून घेण्याची सोय वरच्या टोंकाला हवी. आणि उतारावर ती थोडी वीज परत देते. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. तें अभियंत्याचें कामहि नव्हे.

"आणि साहेब," त्यानें पुन्हां दांडी उचलतां उचलतां विचारलें, "रिक्षा सरकारची, चालवणार मी. चार-पांच वर्षांनीं बॅटरी मेली, तर नवीन कोणाच्या पैशांनीं?"

पुतण्यानें बॅटरीची किंमत, तिच्यावरील हमीचीं वर्षें, दर दिवसाच्या भाड्यांतून बाजूला ठेवावयाची रक्कम असा हिशेब बोटांवर करून दाखविला. त्यानें तो लक्ष देऊन ऐकला आणि दोन आंकडे पुन्हां विचारून घेतले. बाजारपेठेच्या तोंडाशीं मातोश्री आधींच येऊन, एका दुकानाच्या ओट्यावर चिक्कीचा पुडा घेऊन बसल्या होत्या. त्यानें गांठोडें उतरवून दिलें, भाडें घेतलें, नोट कपाळाला लावली, आणि खालीं दस्तुरीला नंबर लावावयाचा म्हणून रिकामी रिक्षा घेऊन उतारानें धांवत निघाला.